परतूरच्या टेपवर दहापैकी दहा

अल्बमला गुण देण्याचा माझा नियम एकच. कॅसेटची अख्खी बाजू एकही गाणं पुढे न ढकलता ऐकावीशी वाटली पाहिजे. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे ८६ मीटर फीत असते आणि टेप ती सेकंदाला जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर ओढतो. परतुरात संध्याकाळी होल्टेज उतरलं की हा वेग मंदावायचा आणि लतादीदींचाही आवाज जाड व्हायचा. तशा अवस्थेतही जी कॅसेट बंद करावीशी वाटली नाही, ती माझ्या लेखी खरी.

गीतरामायण : साडेनऊ. १ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी. पुणे आकाशवाणीवर पहिलं गीत लागलं तेव्हा पुणं होतं मुंबई राज्यात आणि आमचं परतूर हैदराबाद राज्यात! दोन्ही गावं एका राज्यात आली ती १ नोव्हेंबर १९५६ ला. तोवर मालिका संपूनही गेली होती. म्हणजे गदिमांचा राम आमच्याकडे परराज्यातून आला. वर्षाचे बावन्न आठवडे म्हणून बावन्न गाणी ठरली होती, पण त्या वर्षी अधिक मास आला आणि गाणी झाली ५६. पंचांगानं मराठीला दिलेली ही चार गाण्यांची भेट मला फार आवडते. अर्धा गुण का कापला? रेडिओवर माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लतादीदी असे वेगवेगळे गळे होते. माझ्याकडच्या संचात सगळं बाबूजी एकटेच गातात. त्यांचा शब्दोच्चार म्हणजे शाळेत लावावा असा. पण सीतेचं दुःख बाईच्याच गळ्यातून ऐकावं, असं माझं ठाम मत आहे.

शिवकल्याण राजा : नऊ. राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली त्या १९७४ साली निघालेला हा संच. संगीत हृदयनाथांचं, गळा लतादीदींचा, निवेदन बाबासाहेब पुरंदऱ्यांचं. कवी भूषणापासून कुसुमाग्रजांपर्यंतचे शब्द एका माळेत आलेत. मला त्यातले रामदासांचे शब्द लागले की ताठ बसावंसं वाटतं, कारण समर्थांचं जन्मगाव जांब आमच्याच जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात आहे. शेजारगावच्या माणसाचे शब्द लतादीदी गातायत, यापेक्षा मोठं सुख काय?

पिंजरा : साडेआठ. राम कदम आणि जगदीश खेबुडकर, १९७२. ढोलकीची थाप पडली की हातातलं काम थांबतंच.

अभंग तुकयाचे : साडेनऊ. श्रीनिवास खळ्यांनी लतादीदींकडून तुकोबा गाऊन घेतले. पहाटे ऐका, दुपारी नको.

सैराट : आठ. गाणी चारच. अजय-अतुलनी त्यांचा वाद्यवृंद थेट लॉस एंजेलिसच्या सोनी स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला. करमाळ्याच्या प्रेमकथेला हॉलिवूडची व्हायोलिनं! वरातींनी यातलं एक गाणं इतकं वाजवलं की उरलेल्या तिघांवर अन्याय झाला. ती तीन पुन्हा ऐका.

जैत रे जैत : दहापैकी दहा. १९७७ चा जब्बार पटेलांचा हा चित्रपट गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर बेतलेला. गोष्ट कोकणाच्या अंगाला असलेल्या डोंगरातल्या ठाकरांची, मधाच्या पोळ्यांची, लिंगोबाच्या कड्याची. आणि गाणी लिहिली कुणी? अजिंठ्याच्या डोंगराजवळच्या पळसखेड्यात शेती करणाऱ्या ना. धों. महानोरांनी! धो-धो पावसाच्या मुलखातल्या माणसांची गाणी पावसाची वाट बघणाऱ्या मराठवाड्याच्या शेतकऱ्यानं लिहावीत, यात मला काही नवल वाटत नाही. ज्याला पाऊस कमी मिळतो, त्यालाच त्याचा एकेक थेंब ठाऊक असतो. हृदयनाथांनी चाली अशा बांधल्या की गाणी कथेला अडवत नाहीत, तीच कथा पुढे नेतात. रवींद्र साठे आणि चंद्रकांत काळे यांचे मोकळे आवाज, त्यात मध्येच लतादीदी, मध्येच आशाताई. होल्टेज कितीही उतरो, ही कॅसेट मी कधी मध्येच थांबवली नाही. माझ्या कपाटात पैकीच्या पैकी मिळवणारी ही एकटीच.

एक जागा मात्र मी रिकामी ठेवली आहे. परतूरहून रेल्वेनं सेलूकडे निघालं की वाटेत सातोना लागतं. कवी बी. रघुनाथ यांचं हे जन्मगाव. १९१३ साली जन्मले, १९५३ साली परभणीत गेले. उणंपुरं चाळीस वर्षांचं आयुष्य. ‘आलाप आणि विलाप’ हे त्यांच्या कवितासंग्रहाचं नाव, म्हणजे नावातच गाणं! मराठवाड्याच्या तरुण संगीतकारांनो, या कवितांचा एक अख्खा अल्बम बांधा, दोन्ही बाजू सलग ऐकता येईल असा. तो लावायला टेप मी अजून चालू ठेवला आहे.