एक नाव, अनेक माणसे

काही वर्षांपूर्वी, मी ज्या शाळेत शिकवीत होतो तेथे, एका सकाळी मला कार्यालयात बोलावून पुढ्यात वृत्तपत्र ठेवण्यात आले. मोर्चात दगडफेक झाली, अमुक कांबळे यांस अटक. नाव माझेच होते. माणूस मी नव्हतो. बातमीत त्याच्या वडिलांचे नाव नव्हते, गाव नव्हते, वय नव्हते. मला लेखी खुलासा द्यावा लागला. पुढे तो माणूस निर्दोष सुटला. त्याची एक ओळही छापून आली नाही. तेव्हापासून माझ्या नावाच्या नोंदी मी जमवू लागलो.

आपल्यात एकाच नावाची इतकी माणसे का? हा योगायोग नाही, इतिहास आहे. जुन्या दप्तरांत आपल्या आजोबा-पणजोबांच्या नावापुढे आडनावाऐवजी जातच लिहिली जाई. ‘धोंड्या महार’ एवढ्यावर भागे. तसे धोंड्या गावोगावी होते. पुढे आडनावे आली, तीही मोजकीच. 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेनंतर आपण दगडू, कचरू ही नावे टाकली आणि मुलांना सिद्धार्थ, गौतम, मिलिंद म्हणू लागलो. हा स्वाभिमानाचा निर्णय होता; पण त्यामुळे एका पिढीत, एकेका वस्तीत, एकाच नावाची मुले वाढली.

यावरचा उपाय आपल्याच इतिहासात आहे. 1818 च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची नावे तेथील स्तंभावर आहेत. त्यांत एकाहून अधिक गणनाक आहेत. पुढे बापाचे नाव आहे म्हणूनच ते वेगळे उरले.

आपले अभ्यासक मात्र हे विसरतात. ‘कांबळे यांच्या आत्मचरित्रात’ असे एका निबंधात मी वाचले. कोणत्या कांबळे? शांताबाईंचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ आणि बेबीताईंचे ‘जिणं आमुचं’ ही दोन्ही पुस्तके 1986 साली आली. दोन बायांची दोन आयुष्ये एका आडनावात कोंबणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

म्हणून चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्या तरुण मित्रांना माझे सांगणे आहे. कात्रण ठेवताना वृत्तपत्राचे नाव व तारीख लिहा. नावासोबत वडिलांचे नाव, गाव, वय, व्यवसाय शोधा. यांतील दोन-तीन गोष्टी जुळल्याखेरीज दोन नोंदी एका माणसाच्या मानू नका. जुळत नसेल तर ‘अनिश्चित’ असे लिहा; त्यात कमीपणा नाही. आणि अटकेची बातमी ठेवाल तर निकालही शोधून तिला जोडा.

त्या दिवशी खुलाशात ‘तो मी नव्हे’ एवढेच लिहून मी सुटलो. तो कोण होता, हे मी विचारले नाही. ज्यांनी आपल्याला नुसते ‘महार’ म्हणून नोंदले त्यांनीही ते विचारले नव्हते. आपण तरी विचारले पाहिजे.