कॅसिनोतले पोकरचे टेबल

पणजीला मांडवीच्या पात्रात नांगरलेल्या कॅसिनो जहाजांवर २१ वर्षांखालील व्यक्तीला प्रवेश नाही. वयाचा पुरावा जवळ हवाच. पोकरमध्ये खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात, कॅसिनोविरुद्ध नव्हे. कॅसिनोची कमाई वेगळी: बहुतेक डावांत जमलेल्या रकमेतून तो ठरावीक वाटा कापतो. याला ‘रेक’ म्हणतात, आणि नवखा खेळाडू नेमका तोच विसरतो. घरी मित्रांत खेळताना पैसे आपसांतच फिरतात. इथे ते थोडे थोडे टेबलाबाहेर जात राहतात. म्हणून इतरांइतकाच चांगला खेळणाराही अखेर तोट्यात जातो. एकट्याने गेलेल्याला ‘आता ऊठ’ म्हणणारेही कोणी नसते. हरली तरी चालेल एवढीच रोकड न्यावी, कार्ड खोलीवर ठेवावे.