गुप्ततेचे जाळे आणि विद्यार्थ्यांचा हातभार

पत्र टपालपेटीत टाकण्यापूर्वी आपण ते पाकिटात घालून बंद करतो. मजकूर ज्याच्यासाठी लिहिला त्यानेच तो वाचावा, एवढीच त्यामागील अपेक्षा असते. पाकिटावरील पत्ता मात्र वाटेतील सर्वांना दिसतो. इंटरनेटवरील व्यवहारांची स्थितीही बहुतांशी अशीच आहे. मजकूर कूटबद्ध केला, तरी कोणी कोणाशी संपर्क साधला हे मधल्या यंत्रणांना कळू शकते. पत्रकाराला माहिती कोणी पुरविली, रुग्णाने कोणत्या व्याधीविषयी वाचले, घरच्या छळाला कंटाळलेल्या स्त्रीने कोठे मदत मागितली, एवढे उघड झाले तरी अनर्थ ओढवू शकतो. हा पत्ताही झाकला जावा, या हेतूने 'टॉर' हे जाळे उभारण्यात आले आहे.

तीन पाकिटांची योजना

या पद्धतीची मूळ कल्पना १९९०-२००० या दशकाच्या मध्यास अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत मांडली गेली. २००२ साली जाळे कार्यान्वित झाले आणि २००६ साली त्याच्या देखभालीसाठी ना-नफा तत्त्वावरील संस्था स्थापन झाली.

वापरणाऱ्याचा संदेश एकात एक घातलेल्या तीन पाकिटांप्रमाणे कूटबद्ध होऊन तीन संगणकांमधून पुढे जातो. प्रत्येक संगणक आपल्या वाट्याचे एकच पाकीट उघडतो. पहिल्याला पाठविणारा ठाऊक असतो, पण अंतिम ठिकाण ठाऊक नसते. तिसऱ्याला ठिकाण कळते, पण पाठविणारा कळत नाही. मधल्याला या दोहोंपैकी काहीच कळत नाही. असे हजारो संगणक जगभरचे स्वयंसेवक चालवितात.

उघडेपणातून विश्वास

या जाळ्याची आज्ञावली सर्वांना वाचण्यास खुली आहे. गुप्तता राखणारे साधन असे उघडे ठेवावे, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. परंतु कुलपाची रचना सर्वांना ठाऊक असूनही ते किल्लीवाचून उघडत नसेल, तरच ते भरवशाचे म्हणता येईल. शिवाय आज्ञावली अनेकांच्या नजरेखालून गेल्याने तिच्यातील दोष सापडण्याची शक्यता वाढते. या उघडेपणामुळेच विद्यार्थ्यालाही या कामात सहभागी होता येते.

उन्हाळी उपक्रम

मुक्त आज्ञावलींच्या कामात विद्यार्थ्यांना मानधन देऊन सामावून घेणारा 'गूगल समर ऑफ कोड' हा उपक्रम २००५ साली सुरू झाला. टॉर प्रकल्प त्यात २००७ पासून सहभागी होऊ लागला. २०१५ साली या उपक्रमात त्याची निवड झाली नाही, तेव्हा प्रकल्पाने त्याच धर्तीवर स्वतःचा उन्हाळी उपक्रम चालविला.

या कामाचे मोल एका उदाहरणावरून ध्यानात येईल. टॉरची वाहतूक ओळखून ती अडविली जाऊ नये, यासाठी तिचे बाह्य रूप पालटणाऱ्या साधनावर २०११ च्या उन्हाळ्यात एका विद्यार्थ्याने मार्गदर्शकांसमवेत काम केले. फेब्रुवारी २०१२ मध्ये इराणमध्ये कूटबद्ध वाहतुकीस मोठ्या प्रमाणावर अटकाव झाला, तेव्हा हेच साधन तेथील नागरिकांच्या उपयोगी पडले.

दुसरे उदाहरण कार्स्टन लोसिंग या जर्मन संशोधकाचे. २००७ साली विद्यार्थी म्हणून आलेले लोसिंग पुढे प्रकल्पातच राहिले आणि जाळ्याच्या वापराची आकडेवारी गोळा करण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. २०२० साली त्यांचे निधन झाले. माणसांचा माग न काढता त्यांची मोजणी कशी करावी, हा येथील पेच होता. त्यासाठी व्यक्तींची नोंद न ठेवता केवळ देशवार एकत्रित संख्या प्रसिद्ध केली जाते. जाळ्यातील संगणक या संख्याही आठच्या पटीत वर नेऊनच कळवितात, जेणेकरून एखाद्या लहान देशातील एकटादुकटा वापरकर्ता ओळखू येऊ नये.

मार्गदर्शकाची जबाबदारी

येथील चूक केवळ संगणकापुरती राहत नाही. एखाद्या ओळीतील दोषाने दूरदेशीच्या अनोळखी माणसाचे नाव उघड होऊ शकते. मग नवख्या हाती हे काम कसे सोपवावे? काम लहान व आखीव ठेवणे, प्रत्येकास अनुभवी मार्गदर्शक देणे आणि लिहिलेली प्रत्येक ओळ इतरांनी तपासल्याशिवाय न स्वीकारणे, हे त्याचे उत्तर होय. उन्हाळा संपल्यावर विद्यार्थी निघून गेला, तर त्याची आज्ञावली सांभाळण्यास कोणी उरत नाही. म्हणूनच हाती आलेल्या आज्ञावलीइतकेच महत्त्व तो विद्यार्थी प्रकल्पात टिकून राहण्यास आहे.

या साधनाच्या मर्यादाही ध्यानात ठेवावयास हव्यात. वापरणाऱ्याने स्वतःच आपले नाव सांगितले, तर जाळे ते झाकू शकत नाही. गुन्हेगारही त्याचा आश्रय घेतात, ही वस्तुस्थिती नाकारता येणार नाही. तथापि बंद पाकिटाचा गैरवापर होतो म्हणून टपालातील सर्व पत्रे उघडी पाठवावीत, असे कोणी म्हणत नाही.

खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. उपरोक्त उन्हाळी उपक्रमात भारतीय विद्यार्थ्यांची संख्या अनेक वर्षे लक्षणीय राहिली असून, २०२२ पासून तो विद्यार्थी नसलेल्या प्रौढ नवोदितांनाही खुला झाला आहे. संगणक शिकविणाऱ्या शिक्षकांनी ही वाट विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावी. शिधापत्रिकांच्या याद्या, लाभार्थ्यांची नावे व रुग्णांच्या नोंदी ज्यांच्या हाती असतात, त्या कार्यालयांनी व ग्रामपंचायतींनी या विद्यार्थ्यांच्या कामातून एक गोष्ट घ्यावी: कामास लागेल तेवढेच विचारावे, आणि मोजणी करावयाची असेल तेथे नावे टिपू नयेत.