जुन्या संगणकावर ऑपरेटिंग सिस्टिम बसवताना

महादेवपुरा म्हणजे बेंगळुरूच्या पूर्वेकडचा, आयटीपीएल आणि व्हाइटफील्डच्या कंपन्यांचा भाग. इथल्या कार्यालयांतून दर काही वर्षांनी लॅपटॉप बदलले जातात. उतरवलेल्या यंत्रांपैकी काही भंगारात जातात, तर काही एस. पी. रोडसारख्या बाजारातून विद्यार्थ्यांच्या हाती येतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. म्हणजे सहाव्या पिढीचा, काहीही बिघडलेले नसलेला लॅपटॉप एका यादीमुळे बाद ठरला. नवा घेण्याची ऐपत नसलेल्या मुलाला उरलेली पदवी याच यंत्रावर काढायची असते. अशा यंत्रावर लिनक्स कसे बसवायचे आणि त्याआधी काय तपासायचे, ते या टिपणात पाहू. उदाहरणे डेबियनची घेतली आहेत. सी-डॅकचे बॉस लिनक्सही डेबियनवरच आधारलेले आहे, त्यामुळे बरेचसे तिथेही लागू पडेल.

पहिला प्रश्न यंत्र किती वेगवान आहे हा नाही; प्रोसेसर ३२-बिट आहे की ६४-बिट, हा आहे. इथे विद्यार्थ्यांचा हमखास गोंधळ होतो. २००६ साली आलेला कोअर टू ड्युओ ६४-बिट आहे, पण त्या काळी अनेक यंत्रांवर ३२-बिट विंडोज घातलेले असे. स्क्रीनवर '३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम' असे दिसले की प्रोसेसरही ३२-बिटच, असे मुले धरून चालतात. ६४-बिट प्रोसेसर ३२-बिट प्रणाली चालवू शकतो. उलट मात्र होत नाही. म्हणून प्रणाली काय सांगते ते न पाहता प्रोसेसरचा मॉडेल क्रमांक शोधावा.

याला महत्त्व का, तर ३२-बिटचा रस्ता आता बंद होत आला आहे. लिनक्सचा जन्म १९९१ मध्ये ३८६ प्रोसेसरवर झाला. त्याच ३८६चा आधार २०१३च्या ३.८ कर्नलमधून काढून टाकला गेला. लिनक्सवरचा ३२-बिट क्रोम २०१६ मध्ये थांबला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. माझे मत स्पष्ट आहे : निव्वळ ३२-बिट यंत्र प्रयोगशाळेत शिकण्यासाठी जरूर वापरा, पण बँकेचे व्यवहार त्यावर करू नका.

दुसरी अडचण फर्मवेअरची. काही स्वस्त ॲटम यंत्रांत प्रोसेसर ६४-बिट असतो, पण यूईएफआय फर्मवेअर ३२-बिट. अशा वेळी पेनड्राइव्ह अगदी बरोबर बनवलेला असूनही यंत्र त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. बूटलोडर फर्मवेअरच्या बिटचा आणि कर्नल प्रोसेसरच्या बिटचा, अशी मिश्र जोडी लागते. डेबियनने ती सोय आठव्या आवृत्तीपासून दिली आहे.

मेमरी २ जीबी असेल तर डेस्कटॉप हलका निवडावा, एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी. खरी मेमरी खातो तो ब्राउझर. डेस्कटॉप बदलून दहा टॅब परवडणार नाहीत. मेमरी वाढवायची असेल तर आधी मदरबोर्डची मर्यादा पाहा. इंटेलच्या ९४५ चिपसेटवर ४ जीबी बसवली तरी सुमारे ३.२ जीबीच वापरता येते, मग प्रोसेसर ६४-बिट का असेना.

पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर ते एसएसडीवर घाला. हिशेब करून पाहू. ५४०० फेऱ्यांची हार्ड डिस्क सेकंदाला ९० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला ११.१ मिलिसेकंद. हवा तो सेक्टर हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, ५.५ मिलिसेकंद. हेड योग्य ट्रॅकवर न्यायला आणखी १२ धरा. एका विखुरलेल्या वाचनाला १७.५ मिलिसेकंद झाले, म्हणजे सेकंदाला जेमतेम ५७ वाचने. प्रणाली सुरू होताना हजारो लहान फाइली वाचल्या जातात. साधी साटा एसएसडी अशी वाचने सेकंदाला हजारोंनी करते. यंत्र 'म्हातारे' वाटते ते पुष्कळदा या १७.५ मिलिसेकंदांमुळे. मात्र साटाऐवजी जुनी आयडीई जोडणी असेल तर ही एसएसडी सरळ बसत नाही.

आता प्रत्यक्ष बसवणे. आधी स्वतःच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्या. आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही. ती लिहिणारे साधन वापरावे लागते. मग डिस्कला हात न लावता लाइव्ह पद्धतीने यंत्र चालवून वाय-फाय, आवाज आणि टचपॅड तपासा. डेबियन १२पासून वाय-फाय चिपचे फर्मवेअर अधिकृत इमेजमध्येच येते, त्यामुळे पूर्वीची बरीच शोधाशोध वाचली आहे.

पेनड्राइव्ह ज्या पद्धतीने बूट झाला, बायोस की यूईएफआय, त्याच पद्धतीची प्रणाली बसते. बायोस पद्धत आणि जीपीटी विभागणी एकत्र असेल तर ग्रबसाठी १ एमबीचा छोटा विभाग ठेवावा लागतो. तो नसला की ग्रब बसवण्याच्या टप्प्यावर चूक येते आणि विद्यार्थी डिस्कला दोष देतात.

सगळे नीट बसूनही अपडेट होत नसेल, प्रत्येक संकेतस्थळ प्रमाणपत्र अवैध असल्याचे सांगत असेल, तर कोपऱ्यातली तारीख पाहा. मदरबोर्डवरची ३ व्होल्टची सीआर२०३२ बटन बॅटरी संपली की वीज गेल्यावर घड्याळ अनेक वर्षे मागे जाते. त्या तारखेला आजची प्रमाणपत्रे जन्मालाच आलेली नसतात. डेस्कटॉपमध्ये ही बॅटरी हातानेच बदलता येते. लॅपटॉपमध्ये ती बहुधा तारेसह प्लास्टिकच्या वेष्टनात असते, तेव्हा जुनी काढून सोबत नेऊनच नवी घ्यावी.