शिवणटिपण : न मोजलेले श्रम

आपल्या चळवळीत श्रमाची चर्चा होते, तेव्हा ती शेत, गिरणी, खडी, सफाई इथवर येऊन थांबते. उंबऱ्याच्या आतल्या श्रमाविषयी आपण फारसे बोलत नाही. त्यातही फाटके-उसवलेले शिवणे हे काम तर काम म्हणून कोणाच्या ध्यानातच येत नाही. सुटीचा दिवस आहे, धुणे वाळत घातले आहे, माय दारात वाकळ पसरून बसली आहे. हे पाहून आपण सहज म्हणतो, आज म्हातारी निवांत आहे. हा निवांतपणा तपासून पाहिला पाहिजे.

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. घरातली पहिली पदवीधर मीच. पण सुईचे शास्त्र मी मायकडून शिकले, आणि ते शास्त्रच आहे. ठिगळ भोकाएवढे कापून चालत नाही. "भोकाच्या कडंला टाका घालू नगं, तिथलं कापड मेलेलं असतं," असे माय सांगते. ठिगळ चांगले चार बोटे मोठे घ्यायचे, कडा आत दुमडायच्या आणि टाका धड कापडात धरायचा. ठिगळही जुन्याच कापडाचे हवे. कोरे कापड धुतल्यावर आटते आणि विरलेल्या कापडाला ओढून फाडते. लुगडे बसण्याच्या जागी विरते. तेवढा भाग काढून उरलेले धड तुकडे जोडायचे, याला दांड घालणे म्हणतात. दांडही घालता येईनासा झाला की ते लुगडे वाकळीत जाते. वर-खाली लुगडे, मध्ये धोतर-सदऱ्यांचे तुकडे, आणि त्या सगळ्यांतून दाट धावदोरा. बोटाला घट्टे पडतात. एक वाकळ पुरी व्हायला कित्येक दुपारी जातात, आणि त्या दुपारीही कालवणावर लक्ष असतेच.

या फाटक्या कापडामागे एक कायदा उभा होता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे, असे सांगितले आहे. म्हणजे जीर्ण वस्त्र ही केवळ गरिबीची खूण नव्हती, ती सक्ती होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी बोलले ते लुगडे कसे नेसावे, दागिने कोणते टाकावेत याविषयी. काहींना हे किरकोळ वाटते. मला तसे वाटत नाही. मजुरीच्या पैशाने घेतलेले कापड धुऊन, सांधून, नीट नेसणारी बाई त्या कायद्याला नकारच देत असते. फाटक्या जीन्सची फॅशन करणाऱ्यांना, किंवा ठिगळात साधेपणाचे सौंदर्य पाहणाऱ्यांना हा फरक कळणे अवघड आहे. ज्याला नवे घेता येते, त्याचे ठिगळ ही हौस असते.

पण हा नकार कोणाच्या बोटांनी दिला? इथे आपणही गप्प असतो. २०११ च्या जनगणनेत फक्त घरकाम करणारी बाई 'काम न करणारी' या रकान्यात गेली. पुढे केंद्र सरकारने वेळेच्या वापराची पाहणी केली. पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंतचा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासांत नोंदवला गेला. २०२४ च्या पाहणीत बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, पुरुषांचा ८८ मिनिटे. कपडे शिवणे-सांधणेही या कामातच धरलेले आहे. मात्र शिजत्या भांड्यावर नजर ठेवून घातलेला टाका अशा तक्त्यात कितपत उमटत असेल, याची मला शंका आहे.

हाच तक्ता मी वर्गात मुलांना एका सुटीच्या दिवसासाठी घरी भरायला दिला होता. एका मुलाने आईच्या नावापुढे दुपारच्या चार रकान्यांत लिहिले : 'काही नाही. शिवत बसली होती.' मुलगा हुशार आहे, मोर्चात पुढे असतो. मी तो तक्ता वर्गात वाचून दाखवला, आणि त्या 'काही नाही'वर पूर्ण तास गेला. पुढच्या सत्रात मुलांनी आपला सदरा आपणच शिवायचा आणि लागलेली मिनिटे लिहून आणायची, असे ठरले आहे. सुई-दोरा मी नेणार आहे.