पन्नास हजारांच्या अलीकडे

2011च्या जनगणनेत पुणे जिल्ह्यातल्या दौंड नगरपालिकेच्या हद्दीत साडेएकोणपन्नास हजारांच्या आसपास माणसं निघाली. शेजारच्या बारामतीत 54 हजारांवर. या फरकाला एरवी कोणी विचारलं नसतं. पण 1 मे 2013 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाला मंजुरी दिली आणि त्याची रेघ नेमकी 50 हजारांवर ओढली गेली. जिल्ह्याचं ठिकाण असेल तर 30 हजारांवरही चालणार होतं. रेघेच्या आतल्या शहरांना नागरी आरोग्य केंद्र, कामावरून सुटलेल्यांना गाठता यावं म्हणून शक्यतो दुपारी 12 ते रात्री 8 ओपीडी, वस्तीत आशा कार्यकर्ती, 50 ते 100 घरांमागे महिला आरोग्य समिती, असा आराखडा होता. बारामती आत बसली, दौंड काहीशे माणसांनी हुकलं. त्याच जिल्ह्यातलं शिरूर शहर तर चाळीस हजारांच्याही आतलं. अशा गावांचं ग्रामीण आरोग्य अभियानातून बघावं, असं ठरलं.

आता ग्रामीण व्यवस्थेची मापं पाहा. सपाट मुलखात 5 हजार वस्तीला एक उपकेंद्र, 30 हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र. ही यंत्रणा जिल्हा परिषदेची, आणि जिल्हा परिषदेचा अंमल नगरपालिकेच्या वेशीपाशी थांबतो. वेशीच्या आत शिरूरला ग्रामीण रुग्णालय आहे, दौंडला उपजिल्हा रुग्णालय. दोन्ही सरकारी, दोन्हींची गरज मोठी. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचे पैसेही लागत नाहीत. मात्र ही वरच्या पायरीची रुग्णालयं. दारात आला त्याला ती तपासतात. न आलेल्याच्या घरी जाऊन बाळाच्या लशीचा तिसरा डोस का चुकला, बीपीची गोळी का बंद केली, हे विचारणारी खालची पायरी शहरात कोणाची, याचं उत्तर तीन कार्यालयांत तीन मिळेल. 1992च्या 74व्या घटनादुरुस्तीने बाराव्या सूचीत सार्वजनिक आरोग्य नगरपालिकेच्या कामांत घातलं. छोट्या नगरपालिकांत त्याचा अर्थ बहुतेक वेळा गटारं, कचरा, धूरफवारणी आणि जन्ममृत्यूची नोंद एवढाच उरतो.

दौंड हे जंक्शनचं गाव. रेल्वेच्या कायम नोकरांसाठी रेल्वेचं रुग्णालय आहे. फलाटाबाहेर हातावर पोट असलेल्याला ते नाही. जवळच कुरकुंभची रासायनिक वसाहत आणि तालुक्यातली गुऱ्हाळं. तिथे राबणारा मजूर दूरदूरच्या जिल्ह्यांतून, अगदी उत्तर प्रदेशातूनही येतो. शिवाय पुण्याचं सांडपाणी वाहून आणणारी मुळामुठा रांजणगाव सांडस इथे भीमेला मिळते, आणि तीच भीमा पुढे दौंडला येते. वरच्या महानगराने नदीत काय सोडलं त्याचा हिशेब खालच्या गावातल्या जुलाबाच्या केसपेपरवर लागतो, आणि आरोग्याचं बजेट मात्र वरच्याचं मोठं.

आता शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यातली ठेकेदाराकडची बाई घ्या. फर्स्ट शिफ्ट असेल तर सकाळी रुग्णालयात ओपीडी चालू असते तेव्हा ती मशीनवर असते. सुट्टी घ्यावी तर हजेरी बुडते. मग संध्याकाळी खोलीजवळच्या खासगी डॉक्टरकडे जाऊन एक इंजेक्शन आणि दोन दिवसांच्या गोळ्या. ताप उतरतो, काम चालू राहतं. ती अडाणी आहे म्हणून सरकारी दवाखान्यात जात नाही, असं म्हणणाऱ्यांनी तिचा दिवस एकदा कागदावर मांडून बघावा. बीपी आणि साखरेच्या आजारांत मात्र हा दोन दिवसांच्या गोळ्यांचा हिशेब चालत नाही. तिथे महिन्याच्या महिन्याला गोळी लागते आणि ती कोणीतरी आठवणीने मागे लागून द्यावी लागते.

असं मागे लागणाऱ्यांची परंपरा शिरूर तालुक्यातच आहे, हे आपण विसरतो. संभाजी महाराजांच्या समाधीचं वढू बुद्रुक याच तालुक्यातलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी सत्तरच्या दशकात इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. गावातल्याच लोकांना शिकवून त्यांच्याकडे गावच्या आरोग्याचं काम सोपवलं, तेही देशात आशा नावाचं पद येण्याच्या कितीतरी आधी. 1993 साली कोयाजींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 2002 पासून शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या 22 गावांत केईएमच्याच संशोधन केंद्राची माणसं ठरावीक काळाने घरोघर जाऊन जन्म, मृत्यू, कोण आलं, कोण गेलं हे टिपतात. रोटाव्हॅक या भारतीय लशीची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि वढू अशा तीन ठिकाणी झाली. तिन्हीकडची मिळून 6,799 बाळं तिच्यात होती. जुलाबाने दगावणाऱ्या पोरांसाठीची ती लस 2016 मध्ये राष्ट्रीय लसीकरणात येऊ लागली.

कोयाजींनी काम सुरू केलं तेव्हा हा भाग ज्वारी-बाजरीचा होता. आज कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर या पट्ट्यात कारखाने आणि पत्र्याच्या खोल्यांच्या चाळी आहेत. कागदावर ग्रामपंचायत, राहणी शहराची, तीही गरीब शहराची. आशाची नेमणूक साधारण हजार माणसांमागे एक, आणि ती माणसं जुन्या जनगणनेतली. 2021ची जनगणना झालीच नाही, पुढची आता 2027ची. 2011नंतर आलेला भाडेकरू या आकड्यात धरलेला नाही, आणि आशाच्या मोबदल्याचा काही भाग कामागणिक. बाळाचे दोन डोस झाल्यावर कुटुंब खोली सोडून गेलं तर तिची पायपीटही फुकट आणि बाळही अर्धवट.

1 मे 2023 रोजी (नागरी अभियानाच्या मंजुरीचीच तारीख) राज्यभरात 317 ठिकाणी सरकारचा ‘आपला दवाखाना’ सुरू झाला, वेळ दुपारी 2 ते रात्री 10. ही वेळ ज्याने ठरवली त्याला मजुराचा दिवस कळलेला आहे. प्रत्येक तालुक्याला एक, हे माप मात्र शिरूर-दौंडसारख्या तालुक्यांना तोकडं आहे. रांजणगाव, सणसवाडी आणि कुरकुंभला असा स्वतंत्र संध्याकाळचा दवाखाना हवा. आणि सोबत भाडेकरूंची यादी हवी. ती कोणा कचेरीत नसली तरी चाळमालकाच्या वहीत असते: खोली नंबर, नाव, डिपॉझिट, लाइटबिल, कधी आले, कधी गेले. त्याच वहीत ग्रामपंचायतीने दोन रकाने वाढवून घ्यावेत, घरात पाच वर्षांच्या आतलं मूल आहे का आणि कोणी गरोदर आहे का. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्याची नक्कल आशाला मिळावी, आणि भाडेकरूमागे तिला वेगळा मोबदला.