ब्रेकचा घसारा : कधी बदलावे, किती खर्चावे?

‘घसारा’ हा शब्द व्यापारी कुटुंबात लहानपणापासून कानावर पडतो. यंत्र वापरात येते, त्याचे मूल्य घटते आणि ती घट दरसाल खर्चात दाखविली जाते. व्यवसायासाठी वापरल्या जाणाऱ्या मोटारीवर आयकराच्या हिशेबात साधारणतः 15 टक्के घसारा धरतात. परंतु याच मोटारीत एक भाग असा आहे, ज्याचा घसारा शब्दशः घासूनच होतो आणि तो टक्क्यांत नव्हे, तर मिलिमीटरमध्ये मोजावा लागतो. तो भाग म्हणजे ब्रेक पॅड. त्याच्या जोडीला असलेली लोखंडी चकती, म्हणजेच डिस्क, हीदेखील झिजते. मात्र पुष्कळ सावकाश.

दुकानातील मालाचा पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या घरांतही या घसाऱ्याची नोंद क्वचितच आढळते. परिणामी दोन टोकाच्या वृत्ती दिसतात. ‘अजून चालेल, पुढच्या सर्व्हिसिंगला पाहू’ ही पहिली. आणि गॅरेजवाल्याने सांगितले म्हणून पॅड, डिस्क सारेच एकदम बदलून टाकणे ही दुसरी. पहिलीत धोका आहे, दुसरीत अपव्यय. दोहोंचे मूळ एकच आहे: माप घेतलेले नसते.

झीज कोठे आणि का होते?

आपल्याकडील बहुतेक लहान मोटारींत पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक व मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात. पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधील पिस्टन पुढे सरकतो आणि दोन बाजूंचे पॅड फिरत्या चकतीला चिमटीत धरतात. गाडीचा वेग घर्षणातून उष्णतेत बदलतो आणि ती उष्णता हवेत विरते. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढच्या बाजूस झुकतो; त्यामुळे थांबविण्याचे दोनतृतीयांशाच्या आसपास काम पुढचे ब्रेकच करतात व झीजही तेथेच अधिक होते.

ही उष्णता किती असते? दीड टन वजनाची मोटार ताशी 80 किलोमीटर वेगावरून एकदा पूर्ण थांबविली, तर निर्माण होणाऱ्या उष्णतेत एक लिटरहून थोडे अधिक पाणी 20 अंशांपासून उकळीपर्यंत तापेल. तीच मोटार 500 मीटर उंचीचा घाट केवळ ब्रेकवर उतरविली, तर अशी वीस वेळा गाडी थांबविण्याइतकी उष्णता पॅड व चकती यांना सोसावी लागते. म्हणूनच कसारा, आंबा किंवा खंबाटकी घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये उतरविण्याचा जुन्या चालकांचा आग्रह असतो. न्यूट्रलवर उतरून इंधन वाचविण्याचा मोह ब्रेकच्या खर्चात दामदुपटीने वसूल होतो.

माप हाच खरा मुनीम

नव्या पॅडवरील घर्षणाचा थर साधारणतः 10 ते 12 मिलिमीटर असतो. तो 3 मिलिमीटरवर आला की पॅड बदलावेत, हा सुरक्षित दंडक होय. कंपनीच्या पुस्तिकेत याहून थोडी कमी मर्यादा दिलेली असू शकते. परंतु ती अखेरची मर्यादा असते, तेथवर वाट पाहत बसावे असा तिचा अर्थ नव्हे.

किलोमीटरवरून केवळ अंदाज बांधता येतो. महामार्गावर धावणाऱ्या गाडीचे पॅड 50 हजार किलोमीटरही टिकतात. बाजारपेठेच्या गर्दीत पावलापावलाला थांबणाऱ्या गाडीचे 25-30 हजारांतच संपतात. प्रत्यक्ष मापाला पर्याय नाही. प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी चारही पॅडची जाडी मोजून ती कार्डावर लिहून घ्यावी. आतील व बाहेरील पॅडच्या झिजेत मोठा फरक आढळला, तर कॅलिपर नीट सरकत नाही असे समजावे. त्याची साफसफाई न करता नवे पॅड बसविले, तर तेही तसेच तिरके झिजतील.

एका उदाहरणाने हिशेब स्पष्ट होईल. समजा, नव्या पॅडचा थर 11 मिलिमीटर आहे. 3 मिलिमीटरवर तो बदलायचा, म्हणजे वापरण्याजोगा थर 8 मिलिमीटर. गाडीचे पॅड 40 हजार किलोमीटर टिकत असतील, तर एक मिलिमीटर म्हणजे 5 हजार किलोमीटर. मजुरीसह खर्च 2,500 रुपये धरला, तर एका मिलिमीटरचे मोल सुमारे 312 रुपये.

आता दोन्ही वृत्ती या तराजूत घालाव्यात. थर 6 मिलिमीटर शिल्लक असताना पॅड बदलणारा 3 मिलिमीटर, म्हणजे सुमारे 940 रुपये फेकून देतो. थर 3 वर आला असताना आणखी 5 हजार किलोमीटर ‘चालवून घेणारा’ जेमतेम 312 रुपये वाचवितो. आणि तेवढ्यासाठी हजारो रुपयांची चकती पणाला लावतो. थर पूर्ण संपला की पॅडची पोलादी पाटी थेट चकतीवर घासू लागते आणि चकतीवर खोल चरे पडतात. 312 रुपयांच्या नफ्यासाठी अशी जोखीम कोणता व्यापारी दुकानात पत्करील?

यातूनच एक सोपा नियम निघतो. आजची जाडी किती, हे पाहण्याबरोबरच पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत ती किती उरेल, हेही पाहावे. वरील उदाहरणातील गाडी 10 हजार किलोमीटरने पुन्हा गॅरेजला येणार असेल, तर तोवर 2 मिलिमीटर झीज होईल. आज 6 असेल तर निश्चिंत राहावे. आज 4 असेल तर आताच बदलावे किंवा 5 हजार किलोमीटरला मुद्दाम पुन्हा तपासावे.

चकती केव्हा बदलावी?

चकतीची किमान जाडी किती असावी, हे बहुधा तिच्या कडेवर किंवा मधल्या भागावर कोरलेले असते. लहान मोटारींत नवी जाडी आणि ही किमान जाडी यांत साधारणतः 2 मिलिमीटरचेच अंतर असते. मेकॅनिकने मायक्रोमीटरने मोजून दाखवावे व कोरलेल्या आकड्याशी ताडून पाहावे. चकती किमान जाडीखाली गेली, तिला तडा गेला किंवा चर खोल गेले, तर ती बदलणे अटळ आहे. ब्रेक लावताच स्टिअरिंग थरथरत असेल, तर चकतीची जाडी सर्वत्र सारखी राहिलेली नाही, असा संशय घ्यावा. पुरेशी जाडी शिल्लक असेल, तर लेथवर समतल करून अशी चकती वापरता येते. मात्र समतल केल्यानंतरही ती किमान मर्यादेच्या वर राहिली पाहिजे.

पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या चकतीवर तांबूस गंज दिसतो. तो वरवरचा असतो आणि चार-सहा वेळा ब्रेक लावताच निघून जातो. त्यासाठी चकती बदलण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो नम्रपणे नाकारावा. नीट वापरलेली चकती साधारणतः पॅडच्या दोन संचांना पुरते. पॅड असोत वा चकत्या, त्या एकाच आसावरील दोन्ही चाकांच्या एकदम बदलाव्यात. अन्यथा ब्रेक लावताना गाडी एका बाजूस ओढली जाते.

खर्चाचा अंदाज

लहान मोटारीच्या पुढील पॅडचा संच साधारणतः 1,200 ते 3,000 रुपयांत मिळतो; मजुरी गावानुसार 400 ते 1,000 रुपये. चकत्यांच्या जोडीस 3,000 ते 6,000 रुपये लागतात. मोठ्या गाड्यांना हाच खर्च दुप्पट होतो आणि परदेशी बनावटीच्या आलिशान गाड्यांना तो काही दशसहस्रांवर जातो. गाडी निवडताना हा खर्चही विचारून घ्यावा.

वरील उदाहरणात पॅडचा खर्च किलोमीटरला सव्वासहा पैसे पडतो. चकत्यांना मजुरीसह 6,000 रुपये लागले व त्या 80 हजार किलोमीटर टिकल्या, तर त्यांचे साडेसात पैसे. दोन्ही मिळून चौदा पैशांच्या आत! लिटरला 15 किलोमीटर धावणाऱ्या गाडीला 105 रुपये दराने पेट्रोलच किलोमीटरला 7 रुपयांचे लागते. म्हणजे थांबण्याचा खर्च धावण्याच्या खर्चाच्या सुमारे दोन टक्के इतकाच आहे. दरमहा हजार किलोमीटर गाडी फिरत असेल, तर महिना दीडशे रुपयांची तरतूद पुरेशी आहे.

बिलाविषयी काही बाबी ध्यानात ठेवाव्यात. पेढीच्या नावावरील प्रवासी मोटारीच्या दुरुस्तीवर भरलेल्या जीएसटीची वजावट सामान्य व्यापाऱ्यास मिळत नाही; मालवाहू टेम्पोच्या दुरुस्तीवरील जीएसटीची मात्र मिळू शकते. दोन्हींची बिले एकत्र करू नयेत. ब्रेकची नैसर्गिक झीज विम्यात येत नाही आणि वाढीव वॉरंटीतूनही ती बहुधा वगळलेली असते. उलट, वाहन सुस्थितीत ठेवणे ही विमा करारातील विमेदाराची जबाबदारी आहे. सुटे भाग पक्क्या बिलावर आणि सीलबंद खोक्यातूनच घ्यावेत. काढलेले जुने पॅड परत मागून स्वतः पाहावेत.

ब्रेक ऑइलचा इशारा

पॅड झिजतात तसे बॉनेटखालील टाकीतील ब्रेक ऑइलची पातळी हळूहळू खाली येते. पुष्कळदा मेकॅनिक वरून ऑइल भरून मोकळा होतो आणि झिजेचा इशाराच पुसला जातो. पातळी उतरलेली दिसताच प्रथम पॅड पाहावेत. ते ठीक असल्यास गळती शोधावी. हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट 4 प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी ही किमान मर्यादा 155 अंशांवर येते. घाटात ऑइल उकळले की त्यात बुडबुडे होतात आणि पेडल सरळ तळाला जाते. म्हणून दोन वर्षांतून एकदा ते बदलावे.

योग्य वेळ कोणती?

जैन कुटुंबाचे वर्ष प्रवासाच्या दृष्टीने आपोआप विभागलेले आहे. चातुर्मासात प्रवास कमी होतो. तो संपला की कुंथलगिरी, मांगी-तुंगी, कुंभोज-बाहुबलीच्या यात्रा, लग्नकार्ये आणि खरेदीचे दौरे सुरू होतात. त्यामुळे ब्रेकची एक तपासणी पावसाळ्यापूर्वी आणि दुसरी दसरा-दिवाळीच्या सुमारास करावी. दसऱ्याला गाडीला हार घालण्यापूर्वी तिची चाके उतरवून पॅड मोजले, तर ती पूजा अधिक अर्थपूर्ण ठरेल. नवे पॅड यात्रेच्या आदल्या दिवशी बसवू नयेत. पहिले दोन-तीनशे किलोमीटर, निकड नसेल तेव्हा, करकचून ब्रेक न लावता बेताने लावावेत, म्हणजे पॅड चकतीवर नीट बसतात. मधल्या काळात ब्रेक लावताना चिरका आवाज आला, तर तो बहुधा पॅडवरील सूचक पट्टीचा इशारा असतो. आठवडाभरात गॅरेज गाठावे. खरखरीत घासल्याचा आवाज आला किंवा पेडल खोल जाऊ लागले, तर गाडी त्याच जागी उभी करून मेकॅनिकला बोलवावे.

चातुर्मास संपताच मुनिमहाराज, आर्यिका माताजी व साधू-साध्वी यांचा विहारही सुरू होतो. पहाटेच्या धूसर उजेडात, अनवाणी, महामार्गाच्या कडेने ते चालत असतात. विहारातील अपघातांच्या वार्तांनी समाज वारंवार हळहळला आहे. ताशी 80 किलोमीटर वेगाच्या मोटारीसमोर अकस्मात कोणी आले, तर चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात 22 मीटर अंतर जाते आणि उत्तम ब्रेक असलेली गाडी त्यानंतर आणखी सुमारे 35 मीटरवर थांबते. संपलेले पॅड, तापलेली चकती किंवा उकळलेले ऑइल यांमुळे ब्रेकची शक्ती चतुर्थांशाने जरी घटली, तरी ती 12 मीटर पुढे जाऊन थांबेल. याचा अर्थ असा की, निकोप गाडी जेथे स्थिर उभी असते, त्याच जागी ही गाडी ताशी 40 किलोमीटर वेगाने धावत असते.

साधू ईर्यासमितीचे पालन करतात. चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकतात, जेणेकरून पायाखाली मुंगीही येऊ नये. आपल्या शास्त्रांनी हिंसेचा विचार करताना प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, हिंसेचे मूळ मानले आहे. मोटार वापरणाऱ्या श्रावकाला चार हात पुरत नाहीत. त्याला साठ मीटर पुढचे पाहावे लागते आणि तेवढ्या अंतरात थांबण्याची खात्री आधीच करून ठेवावी लागते. त्यासाठी येत्या वहीपूजनाच्या दिवशी गाडीच्या खात्यात चार आकडे लिहून ठेवावेत: पॅडची जाडी, चकतीची जाडी, ब्रेक ऑइल बदलल्याची तारीख आणि पुढील तपासणीचे किलोमीटर.